माणशी दर नको, घराचा खर्च द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या अंदाजपत्रकांचे दिवस आले की स्वउत्पन्नातून दिव्यांग कल्याणासाठी राखायच्या ५ टक्के निधीची बातमी येते. मार्च संपता संपता तो निधी पडून राहिल्याची दुसरी बातमी येते. मानसिक आजार हाही दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, ही गोष्ट या दोन्ही बातम्यांत नसते. निधीतून तीनचाकी, शिलाई यंत्र, पिठाची गिरणी घेतली जाते, किंवा वर्षअखेरीस खात्यावर काही हजार रुपये जमा होतात. मनोरुग्णालयातून बाहेर पडायला तयार असलेल्या माणसाला यातले काहीच उपयोगाचे नसते. त्याला राहायला घर हवे असते आणि त्या घरात सोबतीला कोणीतरी. ते मिळत नाही म्हणून तो वॉर्डातच राहतो. हे घर चालवायला पैसा कसा द्यावा आणि आज तो कसा दिला जातो, याबद्दल हे पत्र आहे.

राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मंजूर खाटा येरवड्याला २,५४०, ठाण्याला १,८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५. चारही ब्रिटिश अमदानीतली. मुंबईकर ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतो, पुणेकर ‘येरवड्याला’. इतकी ही गावे भाषेत मुरली आहेत. त्यातून परत कसे यायचे, त्याला मात्र मराठीत वाक्प्रचार नाही. देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या २०१८-१९ च्या सर्वेक्षणात ३६ टक्क्यांहून अधिक रहिवासी एक वर्ष किंवा त्यापेक्षा जास्त काळ तिथे असल्याचे आढळले. यातल्या सगळ्यांना उपचारासाठी खाट लागते असे नाही. ज्यांचा पत्ता सापडतो आणि घरचे दार उघडते ते घरी जातात. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने हे काम वर्षानुवर्षे केले आहे. प्रश्न उरतो तो ज्यांचे दार उघडत नाही त्यांचा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यावर स्पष्ट बोलतो. कलम १९ म्हणते की केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात सोय नाही एवढ्या कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी हाफ-वे होम (रुग्णालय आणि स्वतंत्र घर यांमधला टप्पा), ग्रुप होम (काही जणांचे एकत्र घर) यांसारख्या कमी बंधनाच्या जागा शासनाने वाजवी मुदतीत उभ्या कराव्यात किंवा उभ्या करायला मदत करावी. कायदा लागू झाला २९ मे २०१८ ला. मुदत किती वाजवी, ते वाचकांनीच मोजावे. मधल्या काळात आपल्या राज्याने काही जणांना मनोरुग्णालयांतून भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले. हे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२१ मध्ये सांगावे लागले.

‘हे तर राज्य सरकारचे काम, आमचा काय संबंध?’ असे महापालिकेच्या समाजविकास विभागात हमखास ऐकायला मिळते. संबंध आहे. याच कायद्यात मानसिक आरोग्य आस्थापनेच्या व्याख्येत ती कोण चालवू शकते याची यादी आहे. त्यात शासनाच्या पाठोपाठ ‘स्थानिक प्राधिकरण’ हे शब्द आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा सहावा विषय आणि दुर्बल घटकांचे, त्यात दिव्यांगांचे, हितरक्षण हा नववा. ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदांसाठी अकराव्या अनुसूचीत २६ वा विषय तसाच आहे. आणि पैसा? स्वउत्पन्नातला दिव्यांगांचा राखीव वाटा, आधी ३ टक्के होता, आता ५ टक्के आहे. समजा एखाद्या महापालिकेचे स्वउत्पन्न ५०० कोटी आहे. तिचा वाटा २५ कोटी होतो.

घर म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण ‘मनोरुग्णांसाठी निवास’ म्हटले की नगरसेवकांच्या डोळ्यांपुढे शंभर खाटांची इमारत, कोनशिला आणि जाळीचे दार येते. आम्ही बोलतो आहोत ते तीन खोल्यांचे, भाड्याचे, साध्या वस्तीतले घर. पाच रहिवासी, दोन निवासी मदतनीस. चेन्नईच्या ‘द बॅनयन’ संस्थेने ‘होम अगेन’ नावाने हीच पद्धत रुजवली आणि ती रत्नागिरीतही आली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘तराशा’ प्रकल्पाने २०११ पासून मुंबईत मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत राहून कामाला लागण्याची वाट करून दिली. म्हणजे हे होऊ शकते का, हा प्रश्न जुना झाला.

मध्यम आकाराच्या शहरात अशा घराचा महिन्याचा हिशेब साधारण असा बसतो. भाडे १८,०००. दोन मदतनीस प्रत्येकी १६,००० प्रमाणे ३२,०००, आणि त्यांच्या सुटीच्या दिवशी येणाऱ्या बदली मदतनिसाचे ८,०००. ही बदली दोन घरांत मिळून एक पुरते. सात जणांचा शिधा २१,०००. चार घरांमागे एक समाजकार्यकर्ता, त्याच्या पगाराचा या घराचा वाटा ७,०००. मानसोपचारतज्ज्ञाच्या महिन्यातून दोन भेटी ६,०००. वीज, गॅस, पाणी ६,०००. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये न मिळणारी औषधे आणि रक्तचाचण्या ३,०००. प्रवास २,५००. किरकोळ दुरुस्ती ४,०००. रहिवाशांचा हातखर्च प्रत्येकी ५०० प्रमाणे २,५००. बेरीज १,१०,००० रुपये. माणशी २२,०००, वर्षाला घरामागे १३ लाख २० हजार. शिवाय सुरुवातीला एकदाच अनामत रक्कम आणि पलंग, कपाटे, भांडी यांचे दोन-अडीच लाख. दर शहरागणिक बदलतील, प्रमाणे फारशी बदलणार नाहीत. अशी दहा घरे म्हणजे पन्नास माणसे आणि वर्षाला १ कोटी ३२ लाख. वरच्या २५ कोटींतला सुमारे विसावा भाग.

आता या हिशेबाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. एक रहिवासी आजार उलटल्यामुळे महिनाभर रुग्णालयात गेला तर घराचा खर्च किती कमी होतो? त्याचा शिधा ३,०००, औषधे ६००, हातखर्च ५००, प्रवास ५००. एकूण ४,६००. भाडे तेच, मदतनीस तेच, वीजबिल जवळपास तेच. पण अनुदान माणशी दराने असेल तर हजेरीपटावरचे एक नाव गेले की २२,००० रुपये कापले जातात. दोघे गेले तर घरमालकाचे भाडे थकते. माणशी, रोजच्या दराने निविदा काढणाऱ्याला हे टेबलावर दिसत नाही. घर चालवणाऱ्या संस्थेला दुसऱ्याच महिन्यात कळते. मग ती दोनपैकी एक मार्ग धरते. एक तर आजार उलटायची लक्षणे दिसत असूनही माणसाला दाखल करायला उशीर करते, किंवा खाट रिकामी राहू नये म्हणून आणखी तीन माणसे त्याच घरात घेते. तिसराही परिणाम आहे, तो आणखी वाईट: जो रहिवासी सुधारून स्वतंत्र खोलीत जायला तयार झाला त्याला सोडणे संस्थेला परवडत नाही. कायदा ज्याला मधला टप्पा म्हणतो, तोच मग शेवटचा मुक्काम होतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अनुदान दोन भागांत द्यावे. घराचा ठरावीक खर्च (वरच्या उदाहरणात ८७,०००) रहिवासी पाच असोत वा तीन, पूर्ण द्यावा. माणसागणिक बदलणारे ४,६०० फक्त हजेरीवर द्यावेत. रुग्णालयात गेलेल्याची जागा किमान ६० दिवस राखून ठेवण्याची अट करारात असावी. स्वतंत्र राहायला गेलेल्यामागे समाजकार्यकर्त्याच्या भेटींचा खर्च पुढचे वर्षभर सुरू ठेवावा, म्हणजे पुढे पाठवणे हा संस्थेचा तोटा ठरणार नाही. करार किमान तीन वर्षांचा असावा. हे शेवटचे वाक्य लेखा विभागाला आवडणार नाही, पण भाडेकरार ११ महिन्यांचा आणि अनुदानाचा आदेशही ११ महिन्यांचा, असे झाले की दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच माणसांना ‘आपले घर राहणार का?’ हे माहीत नसते. अनिश्चिततेने झोप उडते, आणि सलग दोन रात्री झोप नाही हे यातल्या अनेकांच्या बाबतीत आजार उलटण्याचे पहिले लक्षण असते.

पैसा आगाऊ हवा. आजची रीत अशी: संस्थेने आधी खर्च करावा, बिले जोडावीत, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) द्यावे, मग तपासणी, मग त्रुटीचे पत्र, मग मार्चमध्ये वर्षभराची रक्कम एकदम. शिलाई यंत्राच्या खरेदीला ही रीत चालते. घरमालक पाच तारखेला भाडे मागतो आणि मदतनीस सात तारखेला पगार. सहा-सहा महिने उधारीवर चालणाऱ्या घरात सगळ्यात आधी बदली मदतनीस बंद होतो. मग निवासी मदतनिसाला सुटी मिळत नाही, तो सोडून जातो, आणि रहिवाशांना ओळखणारे माणूस घरात उरत नाही. वर्षाच्या सुरुवातीला एका तिमाहीची रक्कम आगाऊ, पुढच्या तिमाहीचा हप्ता मागच्याचा हिशेब आल्यावर, आणि हिशेब तपासायला पंधरा दिवसांची मर्यादा, एवढे पुरे. सर्वांत कमी दराची निविदा हा प्रकार तर इथे बादच करावा. कमी दर फक्त एकाच ठिकाणाहून निघतो, मदतनिसांच्या पगारातून.

हा पगार कशाचा, तेही पाहावे. पंधरा वर्षे वॉर्डात काढलेली व्यक्ती पहिल्या आठवड्यात न्हाणीघरात जायची परवानगी मागते. घंटा होत नाही म्हणून ताटावर बसत नाही. नळ बंद करत नाही, कारण तिथे तो कोणीतरी बंद करत असे. गॅसचे बटण दाबून फिरवायचे हे हाताला माहीत नसते. नोव्हेंबर २०१६ च्या आधीपासून आत असलेल्यांनी नव्या नोटा पाहिलेल्या नसतात. पाचशेची नोट हातात घेऊन ते ती खोटी तर नाही ना, असे विचारतात. हे सगळे शिकवायला एक-दोन महिने रोज सोबत लागते. पुढे कामाचे स्वरूप बदलते: क्लोझापीन हे मानसिक आजारावरचे औषध सुरू केलेल्यांची रक्तचाचणी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, नंतर अधिक अंतराने. लिथियम हे औषध घेणारा उन्हाळ्यात पाणी कमी प्याला, त्यात जुलाब झाले, की रक्तातली पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते; हात थरथरणे आणि चाल अडखळणे मदतनिसाला ओळखता आले पाहिजे. सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो आणि रहिवासी ‘ही माझी गोळी नाही’ म्हणून ती घेत नाही. हट्ट म्हणून ओरडण्यात अर्थ नसतो. जुने आणि नवे पाकीट शेजारी ठेवून औषधाचे नाव दाखवावे लागते. पंधरा दिवसांचा जादा साठा घरात असलाच पाहिजे, कारण सिव्हिलमध्ये एखादे औषध संपलेले असणे ही नवलाची गोष्ट नाही. रात्री दोनला काय करायचे, कोणाला फोन, कुठले रुग्णालय, हे प्रत्येक रहिवाशासाठी एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावायचे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा क्रमांकही त्यावर असावा, पण तो शेजारच्या माणसाची जागा घेत नाही.

अडचण केवळ पालिकेच्या बाजूची नाही. निधीचा लाभ घ्यायला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) लागते, त्याला आधार लागते, त्याला पत्ता लागतो. ज्याला पत्ताच नाही म्हणून घर द्यायचे, त्याच्याकडेच पत्त्याचा पुरावा मागायचा! रुग्णालयाने सुटीच्या तीन महिने आधी ही कागदपत्रे सुरू करावीत. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ९८ सुटीचे नियोजन करायला सांगतेच. मोजमापातही एक खोच आहे. मानसिक आजाराचे दिव्यांगत्व ‘आयडियाज’ या मापनपट्टीने ठरते: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम, या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण, त्यात आजाराच्या वर्षांचे गुण, २० पैकी ७ झाले की लाभासाठी लागणारे ४० टक्के दिव्यांगत्व. चांगल्या घरात, नियमित औषधांवर वर्षभर राहिलेल्या माणसाचे गुण ७ च्या खाली येऊ शकतात. ज्या आधारामुळे तो बरा राहिला तो आधार मग बरा राहिल्यामुळे काढून घेतला जातो. म्हणून निवासाचा लाभ दरवर्षीच्या टक्केवारीवर ठेवू नये; दाखल होतानाची टक्केवारी तीन वर्षांसाठी धरावी. आणि कृपा करून बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन गोष्टी अर्जाच्या एकाच रकान्यात टाकू नयेत. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘घरौंदा’ (निवास), ‘निरामय’ (आरोग्य विमा) या योजना पहिल्यासाठी आहेत, दुसऱ्यासाठी नाहीत. ‘तुमच्यासाठी केंद्राची योजना आहे की’ असे सांगून परत पाठवलेली माणसे कमी नाहीत.

दुसरा घोळ हद्दीचा. ठाण्याच्या रुग्णालयात असलेली, मूळची मराठवाड्यातली, कल्याण स्थानकावर सापडलेली स्त्री कोणत्या महापालिकेची? हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडात १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११७ रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या सेवेची जबाबदारी स्थानिक परिषद आणि आरोग्य यंत्रणा या दोघांवर मिळून टाकते. तिथेही एका रुग्णाचा खर्च वूस्टरशरच्या परिषदेने द्यायचा की स्विंडनच्या, हा वाद २०२३ मध्ये थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. आपण तिथपर्यंत थांबायचे कारण नाही. नगरविकास, सार्वजनिक आरोग्य, दिव्यांग कल्याण आणि महिला व बालविकास या चार विभागांनी एकत्र शासन निर्णयात एक वाक्य घालावे: घर ज्या हद्दीत आहे ती महापालिका किंवा जिल्हा परिषद आधी पैसे देईल, वाटणीचा वाद राज्याकडे नंतर सोडवला जाईल. ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे दोन शब्द त्यात असले की पुरे.

जागेबद्दल. बऱ्याच महापालिकांच्या ताब्यात विकसकांकडून मिळालेल्या, कुलूप लागलेल्या सदनिका आहेत. त्या दिल्या तर वरच्या हिशेबातून भाड्याचे १८,००० जातात आणि खर्च माणशी १८,४०० वर येतो. पण एकाच मजल्यावरच्या चार सदनिका देऊ नयेत. तो मजला वर्षभरात वॉर्ड होतो. गावाबाहेरची, दिवसातून दोनदा बस असलेली इमारतही नको. किराणा दुकान, औषधाचे दुकान आणि दवाखाना चालत जाण्याजोगा हवा. घर संस्थेच्या नावावर गेले म्हणून मालमत्ता कर बिगरनिवासी दराने लावला जाणार नाही, हे कर विभागाने आधीच लेखी द्यावे. सोसायटीच्या हरकतींचे म्हणाल, तर राहायला येण्याआधी सभा घेऊन परवानगी मागणे ही चूक आहे. भाड्याने राहायला इतर कोणी परवानगी मागत नाही. पहिल्या महिन्यात मदतनिसाने शेजाऱ्यांना आपला फोन नंबर द्यावा, एवढ्याने बहुतेक कुरबुरी मिटतात.

आणि तपासणी. घर नोंदणीकृत असावे, रुग्णांच्या हक्कांवर देखरेख करणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला तिथे कधीही जाता यावे, हे आहेच. पण पालिकेचा अधिकारी गेला की रंग, रजिस्टर आणि अग्निशामक नळकांडे पाहून येतो. त्याने दुपारी चारला, न कळवता जावे. दाराची किल्ली रहिवाशांकडे आहे का? संजय गांधी निराधार योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात त्याचे पासबुक कोणाच्या कपाटात आहे? कपडे सगळ्यांचे सारखे आहेत का, केस सगळ्यांचे सारखे बारीक कापले आहेत का? मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २० नुसार गणवेशाची सक्ती आणि सक्तीचे मुंडण या दोन्हींना मनाई आहे, आणि कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो; संस्थेचा स्वयंपाक रहिवासी फुकट करत असतील तर ते पुनर्वसन नव्हे. मागच्या महिन्यात कोण कुठे गेले होते, हे रहिवाशालाच विचारावे, व्यवस्थापकासमोर नव्हे.

स्थायी समितीत दुरुस्ती सुचवणाऱ्या सदस्यांसाठी एक शेवटची तांत्रिक गोष्ट. हे पैसे ‘दिव्यांगांसाठी साहित्य खरेदी’ या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या नोंदीखाली) टाकू नका; तिथून पगार आणि भाडे दिले की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि दुसऱ्या वर्षी कोणी सही करत नाही. दुसऱ्या लेखाशीर्षातून वर्गीकरणाने मागाहून वळवलेली रक्कमही नको, ती त्याच मार्चमध्ये संपते. नवीन लेखाशीर्ष उघडा, त्याच्या नावात ‘निवास व्यवस्था’ आणि ‘आवर्ती खर्च’ (म्हणजे दरवर्षी पुन्हा येणारा) हे दोन्ही शब्द घाला, आणि पहिल्या तिमाहीचा धनादेश ५ एप्रिलच्या आत निघेल असे पाहा, कारण त्या दिवशी भाडे द्यायचे असते.

आपले,
मानसोपचार, परिचर्या आणि समाजकार्य या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक